बडनगर रस्त्यावरच्या गोगलगायींची व्यवस्था

मी, वासंती रमेश दिघे, वय ७६, निवृत्त भूविज्ञान प्राध्यापिका, राहणार फ्रीगंज, उज्जैन, डोकं ठिकाणावर असताना (सुमीतला शंका असल्यास डॉक्टरचा दाखला सोबत आहे) स्वखुशीने लिहून ठेवते की :

१. राहतं घर माझी नणंद अक्का हिने हयात असेपर्यंत वापरावं, नंतर ते मुलगा सुमीत याचं. कारण लिहिणं भाग आहे.

बडनगर रस्ता रुंद करताना टेकडी कापली, तेव्हा लाव्हाच्या दोन काळ्या थरांमध्ये पांढरट गाळाचा पट्टा उघडा पडला. त्यात गोगलगायींचे शंख आहेत. म्हणजे एक लाव्हा थंड झाल्यावर तिथे तळं साचलं, त्यात जीव नांदले, मग दुसरा लाव्हा आला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट, बसमधून दिसते. त्यावर सिमेंट मारायचं काम नेमकं रस्तेखात्यात इंजिनिअर असलेल्या सुमीतकडे आलं.

"आई, सडक आहे ही, म्यूझियम नाही. दगड लोकांच्या डोक्यात पडतील."

"दोन हात जागा सोड."

"ऑर्डर आहे."

मशीन आलं त्या दिवशी मी समोर उभी राहून मजुरांना तळं समजावत होते. कोणी ऐकेना. तेवढ्यात अक्का ऑटोतून उतरल्या, पट्ट्याला तेल-शेंदूर फासला आणि हात जोडून ओरडल्या, "भैरवबाबा प्रकट हुए हैं! मशीन हटाओ!" ड्रायव्हरने मशीन बंद केलं. सुमीतने डोकं आपटलं, तरी कोणी ते चालू करेना. शेवटी आजूबाजूला सिमेंट झालं, तेवढा पट्टा राहिला.

परतताना मी म्हटलं, "अक्का, हे धादांत खोटं आहे."

"तुझ्या खऱ्याने काय थांबलं गं?"

जन्मभर शिकवलं, त्याचं हे फळ! आता तिथे पत्र्याची शेड आहे, पुजारी आहे, आणि माझ्या गोगलगायी शेंदराखाली आहेत. तरीही आहेत, म्हणून घर अक्कांना.

२. सुमीतने त्या पट्ट्यावर स्वखर्चाने जाळी बसवावी. दगड पडतात हे त्याचं म्हणणं खरं आहे. तोंडावर मी कबूल करणार नाही.

३. हातोडा, भिंग आणि नमुने माझी विद्यार्थिनी भार्गवी हिला. तिने दर हिवाळ्यात शाळेतली मुलं तिथे न्यावीत. हात पोचत नाही तिथला थर अजून स्वच्छ आहे, तो दाखवावा. पुजाऱ्याने चपला काढायला सांगितल्या तर काढाव्यात. वाद घालू नये. तो माझा घालून झाला आहे.

सही : वासंती रमेश दिघे

आमच्यासमोर सही केली, साक्षीदार : निखिल सरमंडल, डॉ. स्नेहा फणसे

उज्जैन, १८ जानेवारी २०२६