थेंबातली वस्ती

प्रिय धाकट्या,

नातीला सध्या नदीत डुंबू देऊ नकोस, एवढंच मी फोनवर म्हटलं आणि तू फुरंगटून बसलास. आता फोनही उचलत नाहीस, म्हणून दूधवाल्याच्या हाती हे पत्र देते आहे. नाव तुझी, काठ तुझा, आणि वरच्या गावात बसून ताई हुकूम सोडणार, असं वाटलं असेल तुला. रागाव खुशाल, पण आधी झालं काय ते वाच.

गेल्या महिन्यात आमच्या गावाची स्वच्छता बघायला पाहुणे येणार होते. मग काय, घरोघरी चढाओढ. एकाच सकाळी साऱ्या गावाने संडासांत आणि मोऱ्यांत ब्लीचिंग पावडर नि फिनेल ओतलं. आमच्या जाऊबाईंनी तर शेजारणीपेक्षा आपल्या दारात जास्त वास यावा म्हणून दोन-दोन बाटल्या रिकाम्या केल्या. पाहुण्यांनी गावाची पाठ थोपटली. इकडे मी सांडपाण्याच्या टाकीवर गेले, तर तिचा नेहमीचा ओल्या मातीसारखा वासच गायब.

तुला वाटतं, टाकी म्हणजे यंत्र. मलाही वाटायचं. पंप हवा सोडतो, पाणी खदखदतं, घाण तळाशी बसते आणि मी राखण करते. मग एकदा शाळेतल्या बाईंनी त्या गढूळ पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि मला वाकून बघायला लावलं. काय सांगू तुला. देठावर उभ्या इवल्याइवल्या घंटा, झुळकेत डुलाव्यात तशा डुलत होत्या. मध्येच लाजल्यासारख्या अंग आखडून घ्यायच्या, पुन्हा हळूच वर यायच्या. अख्ख्या गावाने टाकून दिलेलं ते गिळत होत्या. श्रीमंताचं, भांडकुदळाचं, आजाऱ्याचं, सगळ्यांचं सारखंच. एका थेंबात एवढी वस्ती, तर टाकीत किती असेल रे? माझे हात आपोआप जोडले गेले. तेव्हापासून मी टाकीपाशी मोठ्याने बोलत नाही. लोक हसतात, हसू देत.

त्या सकाळनंतर बाईंनी थेंब बघितला, तर त्या औषधांनी एकही घंटा उभी ठेवली नव्हती. घाण जशीच्या तशी तुझ्याकडे वाहत आली असती. मी नदीकडचं दार लावलं आणि सगळं पाणी मागच्या तळ्यात वळवलं. गावचे कारभारी म्हणाले, थोडं सुटलं तर काय बिघडतं, नदी केवढी मोठी आहे. मी म्हटलं, माझ्या भावाची नात एवढीशी आहे. शेजारच्या गावाच्या टाकीतला जिवंत गाळ पिंपांत भरून आणला आणि दुधाला विरजण लावावं तसा आमच्या टाकीत सोडला. वास थोडा परतलाय. पाण्यावर आलेला फेसही उतरलाय. पण तळं काठोकाठ भरत आलंय, कधी फुटून नदीत उतरेल नेम नाही, म्हणून नातीला जपायला सांगितलं; आणि कारभारी रोज सकाळी दारापाशी येऊन घसा खाकरतात.

आता खरं कारण सांगते. सूक्ष्मदर्शकावर वाकले की मला काहीतरी हलताना दिसतं. पण माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. घंटा हलतात की माझी आशाच हलते, मला कळत नाही. बाई आता रजेवर आहेत, त्यांचं ते यंत्र मात्र माझ्याकडे आहे. इथल्या कोणाला बघायला सांगितलं तर तो न वाकताच 'हलतंय, उघडा' म्हणेल, कारण तळं त्याच्या उंबऱ्याशी आलंय. तू खालच्या अंगाला राहतोस. पलीकडच्या काठावरचा बगळा कुठल्या पायावर उभा आहे, ते तुला नावेतून दिसतं. राग पुढच्या खेपेला धर. उद्या सकाळी ये, वाक, आणि डोळे भरून बघ. तू 'उभ्या आहेत' म्हणालास, तरच दार उघडेन. तोवर चावी माझ्या कमरेला.

तुझीच, वाट बघणारी
ताई