मागच्या चाकांचा ताप

आई, एका जुन्या स्पोर्ट्स कारचे मागचे ड्रम काढून मी डिस्क ब्रेक बसवले. मी. एकट्यानं! बाबांना लगेच फोन लावला, तर ते म्हणाले, "गाडी थांबते ना? मग झालं. जेवलास का?" आता या माणसाला काय सांगायचं? वाडीतल्या पंपाचा बोल्ट न् बोल्ट त्यांना ठाऊक, पण चाकांचं त्यांना पहिल्यापासून वावडं. वाडी त्यांची, टेम्पो तुझा, अशीच तुमची वाटणी होती. म्हणून तुला लिहितोय. माझं अक्षर कसं आहे ते तुला माहीत आहे, सांभाळून घे.

मी मस्कतला आहे. तू गेलीस तेव्हा मला नीट मिसरूडही फुटलं नव्हतं. त्यानंतर वसईतली दोन-तीन गॅरेजं झाली, मग विरार, मग भिवंडी, कुठंच बूड टेकलं नाही, आणि शेवटी इथं येऊन पडलो. चारी बाजूंनी डोंगर आहेत, पण नुसते बोडके, गवताची काडी नाही. केळीच्या बागेतून आलेल्या माणसाला सुरुवातीला डोळ्यांना टोचतं. रस्ते मात्र असे चढउताराचे की ब्रेकवाल्याला काम कमी पडत नाही.

गाडी इथल्याच एका आजोबांची. लाल, दोनच माणसांची, कापडी छप्पर, आणि इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे जमिनीवर पाटावर बसल्यासारखं. त्यांनी तरुणपणी हौसेनं घेतलेली. तिचे मागचे ब्रेक ड्रमचे. डोंगर उतरताना ड्रम आतल्या आत तापतात, आणि मग पाय कितीही दाबा, गाडी ऐकत नाही. डिस्क उघडी असते, तिला वारा लागतो, ती निवते. आजोबा मला म्हणाले, "बेटा, बीवी नहीं बैठती इसमें. बोलती है, मरना है तो अकेले मरो." मी हसलो, ते नाही हसले. त्यांना तिला बाजूला बसवून डोंगरापलीकडं तिच्या माहेरी न्यायचं होतं, लग्नानंतर नेलं होतं तसं.

आमचा फोरमन केरळचा. त्यानं खोक्यातनं आलेलं किट, म्हणजे डिस्क आणि तिला दोन्हीकडनं चिमटणारे कॅलिपर, माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाला, "करेगा? नहीं हुआ तो ड्रम वापस, और तू टायर पे." टायर म्हणजे उन्हात बसून दिवसभर पंक्चर काढायची, तीही कायमची. मी होय म्हणून टाकलं. तुला माहीत आहे माझं, आधी होय म्हणायचं, मग डोकं खाजवायचं.

पण आई, काय मजा आली! ड्रम गंजून घट्ट बसलेले, हातोडीनं चहूबाजूंनी ठोकत ठोकत सोडवले. ड्रमला आतून घासणारे लायनर, स्प्रिंगा, मागची पत्र्याची थाळी, सगळं उतरवलं. नवी डिस्क चढवली तेव्हा ती अशी चकाकत होती की पुसायला घेतलेलं फडकं मी दोनदा बदललं. कॅलिपर बसवले, नवे पाइप जोडले, ब्रेक ऑइल भरून लाइनमधली हवा काढली. मागच्या ब्रेकचा जोर पुढच्यापेक्षा कमी ठेवला, नाहीतर मागची चाकं आधी अडकतात आणि गाडी गिरकी घेते. फोरमन गाडीत बसला, मी त्याच्या बाजूला, आणि आम्ही मोठी चक्कर मारली. गाडी जागच्या जागी थांबत होती. मी तर मनात पेढे वाटायलाही लागलो होतो.

परत आलो, गाडी उभी राहिली, मी खाली उतरलो आणि काही विचार न करता माझा हात चाकाकडं गेला. उलटा हात. ते तुझं! शाळा सोडली तेव्हा तू मारलं नाहीस. टेम्पो अंगणात लावून खाली उतरलीस आणि म्हणालीस, "नाय जायचं ना शाळेत? मंग ये इथं, हात लाव चाकाला." मी भसकन तळवा टेकवला. आई गं! उड्या मारत स्वयंपाकघरात गेलो, तर तू मागनं येऊन माझा हात पाण्याच्या कळशीत बुडवलास आणि वर हसत होतीस. "अरे, पोराचा ताप कोन तळव्यानं बघतं का? उलट्या हातानं बघायचा, लांबनं. आन एकाच चाकाचा नाय, सगल्यांचा. एकच तापलं तर त्या चाकाचं दुखनं. जोडीनं तापली तर दुखनं भलतीकडंच." मग कोरफड कापून चोळलीस. त्या दिवसापासून तू बाजारात केळी, दुधी उतरवून आलीस की मी आधी टेम्पोची चाकं बघायचो, मग तुझ्या पिशवीत हात घालायचो.

तर इथं पुढची चाकं कोमट, आणि मागची दोन्ही भाजतायत. दोन्ही सारखीच. कॅलिपरमधले नवे पॅड डिस्कला घासत होते, कुणी पाय न लावता. फोरमननं हात लावून बघितला आणि तोंड वाकडं केलं. "किट खराब है. मैं बोला था. ड्रम लगा." मी म्हटलं, "किट खराब असतं तर एक चाक तापलं असतं, दोन्ही एकसारखी कशी तापतील?" तो म्हणाला, "मराठी में मत समझा, हिंदी में समझा." इतका मी भरात बोललो होतो! हिंदीत परत सांगितलं. "एक घंटा," तो म्हणाला आणि चहाला गेला.

गाडी जॅकवर घेतली. मागचं चाक हातानं फिरवलं तर जड. कॅलिपरवरचा छोटा नट किंचित सैल केला, तर तेल चिरकन उडालं आणि चाक मोकळं! म्हणजे पाय काढल्यावरही लाइनमध्ये दाब अडकून राहत होता. ड्रमच्या लायनरना स्प्रिंगा आत ओढत असतात, म्हणून ड्रमच्या गाडीत थोडा दाब मुद्दाम धरून ठेवावा लागतो. डिस्कला कसली स्प्रिंग? तिथं तेवढ्या दाबानंही पॅड चिकटून बसतात. मी ब्रेकचं तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरकडं गेलो, मागची लाइन सोडली, आणि तिथं, तोंडाशीच, चण्याएवढा रबरी व्हॉल्व बसलेला. ड्रमच्या जमान्यातला, दाब धरून ठेवणारा. चिमट्यानं काढला, हातावर घेतला, आणि आई, मी एकटाच मोठ्यानं ओरडलो. पंक्चरवाले धावत आले, त्यांना वाटलं बोट गेलं.

दुसऱ्या चकरेनंतर चाकं कोमट. पण खरी परीक्षा आजोबांच्या दारात होती. घर टेकाडावर, दारापुढं सरळ उभा चढ, आणि डिस्कवर हँडब्रेक धरतो का, याची फोरमनलाही खात्री नव्हती. आजोबा स्वतः चालवत होते, मी बाजूला. चढाच्या मध्यावर त्यांनी गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, गियर काढला आणि पाय उचलला. गाडी ढिम्म. त्यांनी माझ्याकडं बघितलं, दार उघडलं आणि चक्क उतरून घरात निघून गेले! मी एकटा आत, खाली रस्ता, त्यावर ट्रक. थोड्या वेळानं ते बायकोला घेऊन आले. तिच्या हातात खजुराची थाळी. गाडीकडं बघून ती त्यांना अरबीत काहीतरी फटकन बोलली. मी विचारलं, काय म्हणते? "बोलती है, लड़का उतरे तो मैं बैठूँ."

उतरलो! थाळी घेऊन उतरलो आणि चढावर उभा राहून खजूर खात त्यांना जाताना बघत राहिलो.

गॅरेजात परतल्यावर फोरमननं पाठीत धपका घातला. "कल से पुराना गाड़ी सब तेरा. चलाके देखना भी तेरा काम." तिथं माझी पंचाईत झाली. हे पत्र काही कुठं जाणार नाही, म्हणून लिहून टाकतो. माझ्याकडं इथलं लायसन नाही. टेस्टला चढावर गाडी थांबवून पुढं काढायला लावतात, आणि मी दोनदा नापास झालोय. दोन्ही वेळा गाडी मागं आली. बाबांना मात्र सांगितलंय की लायसन कधीच मिळालं. तू असतीस तर तुलाही हेच सांगितलं असतं. खरं सांगितलं असतं तर दिवस मावळायच्या आत तुझ्या तोंडून आपल्या अख्ख्या सांडोर गावाला कळलं असतं.