कानिफला सांगायचं राहिलं

२ फेब्रुवारी
शिफारशीवर सही केली. पुढच्या महिन्यापासून आमच्या कंपनीची नगर–सुपा स्टाफ बस ड्रायव्हरशिवाय धावणार. शहरातली पहिलीच! ट्रान्सपोर्ट ऑफिसर मी, म्हणजे श्रेय माझंच. ड्रायव्हर कानिफनाथला उद्या सकाळीच सांगणार. स्पष्ट बोलणं हा माझा गुण आहे.

३ फेब्रुवारी
नाही सांगितलं. मला उशीर झाला, तर कानिफ माझ्यासाठी बस थांबवून उभा. अशा माणसाला सकाळी सकाळी काय सांगणार? संध्याकाळी सांगू.
संध्याकाळी त्याला घाई होती. म्हणजे मला होती.

१० फेब्रुवारी
विषय काढला. म्हणालो, कानिफ, तंत्रज्ञान फार पुढे गेलंय. तो म्हणाला, व्हय सर, पोरीनं दाखलासुदिक मोबाईलवरच काढला. निम्मं काम झालं.

१५ फेब्रुवारी, रविवार
चर्चमध्ये उपदेशाचा विषय खरेपणा. पाळकसाहेबांना कुणी सांगितलं की काय? घरी येऊन रेबेकाजवळ मन मोकळं केलं. म्हणाली, मला काय सांगता, त्याला सांगा. स्वतःची बायको, पण बाजू घेईल तर शपथ.

२४ फेब्रुवारी
कानिफने विचारलं, नवी गाडी येतीय म्हनं, माझं ट्रेनिंग कधी? म्हणालो, बघतो. ‘बघतो’ म्हणजे काही खोटं नव्हे. तरी दुपारी डबा केबिनचं दार लावून खाल्ला.

२ मार्च
उद्घाटन. कानिफ कडक इस्त्रीचा शर्ट घालून हजर. रिवाजाप्रमाणे त्यानेच नारळ फोडला, चाकांपुढे लिंबं ठेवली. बस जागची हलेना. लिंबं म्हणजे तिला अडथळा! साहेब लोक माझ्याकडे बघू लागले. शेवटी कानिफनेच वाकून लिंबं उचलली आणि दाराशी येऊन विचारलं, सर, मी कुठं बसू?
मी तोंड उघडायच्या आत दार आपोआप लागलं. हायसं वाटलं. हे लिहितानाही लाज वाटतेय.

३ मार्च
कानिफ जुन्या बसची चावी द्यायला ऑफिसात आला. गेटवर त्याला नोकरी गेल्याचं कळलं होतं. आता शिफारस माझीच होती हे सांगायचंच, म्हणून खुर्चीतून उठलोसुद्धा. तोच म्हणाला, सर, माझ्यासाठी वर लई भांडला असाल तुमी, तुमचा सभाव मला म्हाईत हाय. मी खाली बसलो. इतक्या विश्वासाने बोलणाऱ्या माणसाचं मन का मोडायचं? जाताना मळ्यातली वांगी टेबलावर ठेवून गेला.
रेबेकाने तीच भरून केली. ताटं वाढल्यावर म्हणाली, आज प्रार्थना तुम्ही करा. म्हणालो, घसा बसलाय.