साडेबावीस हजार किती तासांचे

मेहकर
४ नोव्हेंबर २०२४

ती. आजीस,
इंद्रजीतचा शि. सा. न. वि. वि.

दिवाळीचा फराळ पोचला असेल. चकल्या प्रतीक्षाच्या, फुटलेल्या करंज्या माझ्या. फोनवर तू अर्ध्यातच 'कागदावर लिही' म्हणून फोन ठेवतेस, म्हणून लिहितो.

तारापूरच्या एका कारखान्यात ऑपरेटरची जागा आहे. ठेकेदाराचा माणूस बळवंत आपल्याच बाजूचा. साडेबावीस हजार म्हणाला. इथल्या दूध शीतकरण केंद्रात सहा वर्षं झाली तरी मी तेरा हजारांवरच आहे. दोन डिसेंबरला हजर व्हायचं. अजून नक्की काही केलेलं नाही, विचार चालू आहे. तू पस्तीस वर्षं तिथे काढलीस, तर सरावलीत तुझ्या आसपास एखादी खोली बघून ठेव. तिघंही येऊ. स्वराला जूनमध्ये तिकडच्याच शाळेत घालू.

लोभ आहेच. निदान खोली मिळेपर्यंत तरी तो टिकव.

तुझा नातू
इंद्रजीत


सरावली, बोईसर
९ नोव्हेंबर

चि. इंद्रजीत यास,
आजीचे आशीर्वाद.

फराळ पोचला. करंज्या डब्याच्या पोरांना वाटल्या. त्यांनी तक्रार केली नाही, ती कशाचीच करत नाहीत.

मी नऊ पोरांचे डबे करते. नऊही कारखान्यात जातात. त्यांतल्या एकाच्याही हातात आठ तासांचे साडेबावीस हजार पडत नाहीत. तुझ्यात असं काय सोनं दिसलं त्या बळवंतला?

खोली विचारली. दहा बाय बाराची साडेपाच हजार, डिपॉझिट पंचवीस. लाईटचं मीटर मालकाचं, युनिटला तो म्हणेल तो भाव. पिण्याचं पाणी जारचं, तेही विकत. तिकडे तुझ्या बापानं बांधलेलं घर आहे, विहीर आहे, ज्वारी शेतातली, दूध केंद्रावरचं. इथे मिठाच्या खड्यापासून सगळ्याला खिशात हात घालावा लागतो. माझ्या खोलीत राहू म्हणशील तर ते डोक्यातून काढ. इथे नऊ डबे, दोन शेगड्या आणि मी, एवढ्यालाच जागा आहे.

दोन गोष्टी लिहून कळव. साडेबावीस हजार किती तासांचे? आणि प्रतीक्षा महिन्याला किती कमावते? तुझ्या सगळ्या पत्रात तिचं नाव चकल्यांपुरतंच आलंय.

स्वराचा खोकला गेला का ते कळव. माया कमी झालेली नाही, विचारते म्हणून तसं समजू नको.

रंभाबाई


मेहकर
१३ नोव्हेंबर

ती. आजीस,
शि. सा. न.

खोकला गेला. तुझं पत्र वाचून मात्र मला ठसका लागला. माणूस पुढे जातो म्हणतोय आणि तू मिठाच्या खड्यावर अडली आहेस.

तास विचारले नाहीत. पहिल्याच फोनला तास विचारणारा माणूस कामचुकार वाटतो, हे तुला पटणार नाही, पण तसंच असतं. आणि बळवंत गावाकडचा आहे, तो मला कशाला फसवेल? प्रतीक्षाचं म्हणशील तर ती घरबसल्या थोडंफार शिवते. तिचा हातखर्च सुटतो, एवढंच. ती काय, तिकडेही शिवेल.

तुझे नऊ जण किती शिकलेत, ठाऊक नाही. मी आयटीआय केलेला आहे. खोलीला दोन हजार टोकन देऊन ठेव, मी पाठवतो. आणि कृपा करून कोणाला काही विचारत फिरू नको, माझी लाज जाईल.

रागावू नको. रागावलीस तरी उत्तर लिही.

इंद्रजीत


मेहकर
१४ नोव्हेंबर

ती. आजींस,
प्रतीक्षाचा शि. सा. न.

हे पत्र लिहिल्याचं ह्यांना माहीत नाही.

ह्यांनी तुम्हाला विचार चालू आहे असं लिहिलं. राजीनामा दिवाळीच्या आधीच दिलाय. तीस तारीख केंद्रातला शेवटचा दिवस. मलाही ते पेढे आणून मगच सांगितलं.

मी दोन शाळांचे गणवेश शिवते. महिन्याला सरासरी सहा हजार आठशे येतात, मे-जूनमध्ये दहाच्या वर जातात. किराणा आणि स्वराचा खर्च त्यातूनच चालतो. ह्या शाळा मी तीन वर्षं खेटे घालून मिळवल्या. बोईसरला मला कोण ओळखतं? चोवीस तारखेला मशीन बघायला गिऱ्हाईक येणार आहे. पिकोचं आहे, टेम्पोत घालून नेण्यापेक्षा विकलेलं बरं, असं हे म्हणतात. मी हो म्हटलेलं नाही. नाही म्हणायलाही जीभ उचलली नाही.

ह्यांना कमी लेखायचं नाही मला. रात्रंदिवस राबायची तयारी आहे त्यांची. पण त्या राबण्यातून हातात काय उरेल, ते मला कुणी सांगत नाही. तुम्ही सांगाल असं वाटलं.

माझ्यावर राग धरू नये, ही विनंती.

आपली
प्रतीक्षा


सरावली
१९ नोव्हेंबर

चि. इंद्रजीत यास,
आशीर्वाद आहेत, पण आज जरा मागे ठेवलेत.

हे पत्र प्रतीक्षाने मोठ्याने वाचावं आणि तू समोर बसावंस.

राजीनाम्याचं मला कळलं. कोणाकडून ते शोधत बसू नको. घरात मोठी माणसं दोनच आहेत, तेवढं आयटीआयवाल्याला मोजता येईल.

तू फिरू नको म्हणालास, मी फिरले नाही. बळवंतलाच जेवायला बोलावला. ओल्या बोंबलाचं कालवण केलं. दुसऱ्या वाढपाला विचारलं, बाबा, माझ्या नातवाचे साडेबावीस हजार किती तासांचे? तो सहज म्हणाला की बारा तासांचे, सव्वीस दिवस भरले तर. आठच तास लागले तर कापून चौदा हजार दोनशे हातात. बारा तास रोज मिळतात का, असं विचारल्यावर तो भात कालवत राहिला. मग म्हणाला की माल असेल तसं, गेले दोन महिने जरा कमीच आहे. आधी का नाही सांगितलंस म्हटलं, तर म्हणतो, त्यानं विचारलंच नाही, इकडे सगळे बाराच्या भावानंच बोलतात. त्यानं फसवलं नाही तुला. तू लाजलास.

आता ऐक. चौदा हजार दोनशेतून खोली, लाईट, पाणी, गॅस गेला की सहा-साडेसहा उरतात. त्यात तिघांनी खायचं. तिकडे तुझे तेरा आणि तिचे सहा हजार आठशे, भाडं नाही. बारा तास मिळाले तरी तू तिकडच्यापेक्षा मागेच राहशील, आणि पोरगी तुला झोपलेलीच दिसेल.

मी इकडे आले तेव्हा दोन म्हशी विकून आले. माझं दुधाचं गिऱ्हाईक बांधलेलं होतं. तुझ्या आजोबाचा पगार सगळ्या गावानं मोजला, म्हशींचे पैसे कोणी मोजले नाहीत. पहिली चार वर्षं त्या दोन म्हशींइतकंही घरात आलं नाही. मी गप्प बसले. ते माझं चुकलं.

मशीन विकायचं नाही. उद्या साहेबाकडे जा आणि राजीनामा मागे घे. नाक घासायला लागलं तर घास, त्यानं ते काही झिजत नाही. टोकन दिलेलं नाही, देणारही नाही.

स्वराला पापा. बाकीच्यांना नंतर.

रंभाबाई


मेहकर
२८ नोव्हेंबर

ती. आजीस,
शि. सा. न.

चार दिवस मी धुसफुसत काढले. पाचव्या दिवशी प्रतीक्षानं ताट वाढलं आणि सांगितलं, की मला जायचं तर मी जावं, डबा ती बांधून देईल, पण ती, स्वरा आणि मशीन इथेच राहतील. एवढं बोलून ती गणवेशाच्या बाह्या जोडत बसली. मी तिला इतकं सरळ बोलताना पहिल्यांदा ऐकलं.

मग साहेबाकडे गेलो. दोन तास बाहेर बसवलं. माझ्या खुर्चीत माझ्याच हाताखालच्या नीलेशला बसवलंय. त्याला व्हॉल्व्ह कुठला कुठे जातो तेही मीच शिकवलं होतं. साहेब म्हणाले, परत घेतो, पण नवा माणूस म्हणून, बारा हजारांवर, नीलेशच्या हाताखाली. मी सही केली.

बळवंतला कळवलं. तो रागावला नाही. म्हणाला, जागा रिकामी राहत नाही, संध्याकाळपर्यंत दुसरा मिळेल. ते जास्त लागलं.

तुझं बरोबर होतं, असं मी लिहिणार नाही. निदान यंदा तरी नाही.

इंद्रजीत


सरावली
१६ डिसेंबर

चि. इंद्रजीत आणि सौ. प्रतीक्षा यांस,
रंभाबाईचे पुरेपूर आशीर्वाद, यावेळी काही मागे ठेवलेलं नाही.

बारा हजारांचा राग नीलेशवर काढू नको. प्रतीक्षा, तू जून येण्याआधी तिसरी शाळा धर आणि पैसे त्याच्यासमोर मोज, म्हणजे त्याला हातखर्च म्हणायची सवय राहणार नाही.

इथे कारखान्यात तुझ्या जागेवर उदगीरकडचा माणूस आलाय. बळवंतनंच डब्याला माझ्याकडे पाठवला. बायको आणि तीन वर्षांची पोर घेऊन आलाय, तिकडचं सगळं आवरून. गॅस-शेगडी घेणं अजून जमलेलं नाही. पहिला आठवडा बारा तास लागले, आता आठच. परवा दारात उभा राहून विचारत होता, की पैसे एका डब्याचेच दिले तर चार पोळ्या जास्त मिळतील का. नाही म्हटलं. एकाला दिल्या तर नऊ जण मागतील, आणि पीठ मलाही विकतच आणावं लागतं. तो डबा घेऊन गेला.

एका डब्यात तिघं जेवतात.

भात कोणी मोजत नाही, म्हणून त्याच्या डब्यात तो दाबून भरते. पोळ्या मात्र तेवढ्याच.

पत्र लिहीत जा. खुशालीचं नसलं तरी चालेल, खरं असावं.

रंभाबाई