रस्ता असून गवतातून

गडचिरोली, सोमवार, संध्याकाळ

कॅम्पातून सुट्टी काढून आज कॉलेजात गेलो. पोलिसात भरती झालो तेव्हा बी.ए.चं शेवटचं वर्ष सुटलं होतं, ते पुरं करायचं आहे. फॉर्म मिळाला. पण गेटपासून ऑफिसपर्यंत चांगला रस्ता असून मी बाजूच्या गवतातून गेलो. कॉलेजचे शिपाईभाऊ म्हणाले, "रस्ता आहे ना, गवतातून काऊन येऊन राह्यले?"

जंगलात सुरुंगाच्या भीतीनं आम्ही रुळलेल्या वाटेवर पाय ठेवत नाई.

परतताना मुद्दाम रस्त्यानं निघालो. पोरंपोरी गप्पा मारत जात होती. चार पावलं चाललो अन् थांबलो. गस्तीत पुढं दहा पावलांवर जमीन तपासत आपला कोणीतरी असतो. इथी पुढं आपलं कोणीच नव्हतं.

पुन्हा गवतात उतरलो.