शांतव्वाला जाळलंस कशाला?

प्रिय मंजुश्री,

देवणीहून तुझ्या आजीचे पोटभर आशीर्वाद. तुझी कादंबरी वाचून झाली. कव्हरावर तुझं नाव बघून मी ती आधी देवापुढं ठेवली, मग चन्नबसप्पाच्या दुकानात नेऊन दाखवली. तिथं गिऱ्हाइकं उभी होती, त्यांनाही सोडलं न्हाई. तिसरीतून शाळा सुटलेल्या बाईच्या नातीनं एवढं जाड पुस्तक लिहावं! आता रागाचं ऐक. दुसरी छपाई निघायच्या आत त्यातलं एक पान तुला बदलावं लागतंय.

ह्याच्या आधी शेजारच्या उज्वलानं नांदेडहून एक कादंबरी आणली होती. त्यातली बाई चाळीस पानं नुसती खिडकीत उभी राहून रडते. घरात दोन लेकरं, त्यांना जेवू कोण घालतं ते लिहिणाऱ्यानं सांगितलंच न्हाई. गंगम्मा म्हणाली, हिला आठ दिवस माझ्याकडं तुरी काढायला पाठवा, खिडकी विसरंल. पण ते परक्याचं पुस्तक, मिटलं अन् परत दिलं. तुझं कसं मिटू?

दुपारी गंगम्मा, नागम्मा, उज्वला अन् मी, आम्ही चौघी मठाच्या ओट्यावर बसतो. मी ओळीखाली बोट धरून वाचते, बाकीच्या धान्य निवडत ऐकतात. तुझी शांतव्वा सगळ्यांना लई आवडली. ती तलाठ्याला उन्हात उभं करते तिथं नागम्मा इतकी हसली की ठसका लागला. अन् मग दोनशे अकराव्या पानावर शांतव्वा गेली. जाऊ दे, म्हातारं माणूस जायचंच. पण तू तिला तिरडीवर आडवी निजवलीस अन् सरणावर चढवलीस! गळ्यातल्या लिंगासकट!

गंगम्माचा हात सुपातच थांबला. परत वाच म्हणाली, तुझा चष्मा चुकला असंल. तीनदा वाचलं. उज्वला म्हणाली, आमच्यात जाळतातच की, त्यात काय एवढं? तिला सगळ्यांनी गप्प केलं. मग नागम्मानं हळूच विचारलं, तुझी नात नक्की आपल्यातलीच ना गं? मंजू, हे मला लई लागलं. गंगम्मा उठली, घरून विभूती अन् बेलाचं पान घेऊन आली अन् त्या पानावर ठेवलं. तिघींनी हात जोडले, मग उज्वलानंही जोडले. पान खराब झालं, पण त्या माउलीला तसंच सोडून घरी कसं जायचं?

तुझ्या बापाला फोन केला तर हसायला लागला. म्हणे आई, कादंबरी आहे, एवढं कोण बघतं? म्हटलं, महांतेशा, तुझ्या बापाला आपण कसं नेलं ते तुला तरी आठवतं का?

तेव्हा ध्यानात आलं, तुझे आजोबा गेले तेव्हा तुझी दहावीची परीक्षा होती. तुला आणलंच न्हाई. तू बघितलं न्हाईस, आम्ही सांगितलं न्हाई, मग तू सिनेमात दिसतं तसं लिहिलंस. चूक आमची. तरी राग आहेच.

तर ऐक. आपल्या लिंगायतांत माणसाला न्हाऊ घालून, विभूती लावून, मांडी घालून बसवतात. बसवूनच वाजतगाजत नेतात. डाव्या तळहातावर त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग ठेवतात अन् बसल्या जागी माती देतात. आग न्हाई, राख न्हाई.

संक्रांत झाली की महांतेश मला पुण्याला न्यायला येणार. गुडघे चालत न्हाईत, मी कबूल झाले. परत देवणी दिसंल असं वाटत न्हाई. तिथं माझं काही झालं तर सोसायटीतली भली माणसं धावून येतील, त्यांच्या रीतीनं बांबू आणतील. तुझा बाप तेव्हा रडत असंल, त्याच्या तोंडून शब्द फुटायचा न्हाई. तू पुढं हो, मंजू. मोठ्यानं सांग की आमच्या आजीला बसवायचं आहे.

तुझीच,
रागावलेली आजी