समासातून येणारा तिसरा रंग

मी, शाळांच्या भिंतींवर टांगायचे इतिहासाचे नकाशे आयुष्यभर रंगवणारा, आज पुरता भानावर आहे (वकीलबाईंनी चार प्रश्न विचारून खात्री केली; बायकोची कधीच झाली नव्हती). कोणाच्या दडपणाखाली न येता किंवा भरीस न पडता लिहून ठेवतो की, माझ्या पश्चात माझ्या मिळकतीची व्यवस्था अशी व्हावी.

१. राहतं घर आणि त्यातला कारखाना थोरल्या मुलीला व धाकट्या मुलाला समाईक. मधल्या खोलीची वाटणी होणार नाही. उत्तरेची खिडकी त्याच खोलीत आहे आणि रंग खरा दिसतो तो तिथेच. त्या उजेडावरून दोघांनी अबोला धरला, खोलीच्या मधोमध नकाशांचं अवजड कपाट उभं केलं आणि दोघं कोर्टाची पायरी चढली. उजेड आता कपाटाच्या पाठीवर पडतो.

२. समोरचे गोदामवाले या भांडणात दोघांच्याही उपयोगी पडले, हे नमूद करतो. थोरलीला त्यांनी वकील गाठून दिला. धाकट्यालाही दिला. दोन्ही वकील तारखेला एकाच मोटारीतून उतरतात. मी विचारलं तर म्हणाले, "काका, मी पडलो तिऱ्हाईत! मला काय करायचंय तुमच्या घराचं? पोरं गुण्यागोविंदाने राहिली म्हणजे झालं." त्यांना गोदाम वाढवायला जागा हवी आहे, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

३. मला त्यांचा राग नाही. मी थक्क होतो, इतकंच. अथेन्स निळं, स्पार्टा तांबडं, असा नकाशा मी किती शाळांसाठी केला असेन. इराणच्या बादशहाने स्पार्टाला आरमारासाठी सोनं दिलं. स्पार्टा डोईजड झाल्यावर अथेन्सला तटबंदीसाठी दिलं. अखेर तह झाला तो बादशहाच्या शब्दावर, आणि पलीकडच्या किनाऱ्यावरची ग्रीक शहरं त्याच्या रंगात गेली. पुढे कित्येक शतकांनी रोम आणि इराण पिढीभर लढले आणि दोघेही धापा टाकत बसले. तोवर खालच्या समासातून, जिथे मी नुसतं 'वाळवंट' असं लिहीत असे, अरबांचा तिसरा रंग वर चढला. इराण अख्खं गेलं, रोमचं जवळजवळ अर्धं. ते पहिल्यांदा रंगवताना माझा हात थांबला होता. केवढी ती साम्राज्यं! आणि त्यांतल्या प्रत्येकाला वाटत होतं की आपलं भांडण काही निराळंच आहे. अजूनही अंगावर काटा येतो.

४. कुंचले थोरलीला, कारण तिच्यासारखा समुद्र कोणालाच जमत नाही. अक्षरांचे टाक धाकट्याला; गावांची नावं तोच लिहितो. भिंतीवरचा अर्धवट नकाशा दोघांचा. समुद्र झालाय, नावं झालीत, सीमा तेवढी राहिलीय. ती म्हणते आधी त्याने आखावी, तो म्हणतो आधी तिने.

५. माझी शिडी साडूंकडे आहे. मागू नये. आणून दिली तर ठेवून घ्यावी, चहा विचारू नये.

६. बँकेतली शिल्लक उत्तरेच्या खिडकीची गळती थांबवण्यासाठी. उरेल ती दोघांत सारखी.

७. दोघांपैकी कोणीही आपला हिस्सा तिऱ्हाईत इसमास विकू नये, गहाण टाकू नये, भाड्यानेही देऊ नये. 'तिऱ्हाईत' कोण, यावरून पुढे वाद नको म्हणून स्पष्ट करतो : कलम २ मध्ये ज्यांनी स्वतःला तसं म्हणवलं, ते पहिले.

हे सर्व साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचलं. कलम ७ नंतर पहिल्या साक्षीदारांनी पाणी मागितलं आणि चष्मा बराच वेळ पुसला. मग सहीला तयार झाले.

सहीसाठी टेबल मांडायचं तर कपाट आड येत होतं. ते एकट्याने हलत नाही. थोरलीने एक बाजू धरली, धाकट्याने दुसरी.

"कोपरा सांभाळ रे."

"तू आधी उचल तर, ताई."

साम्राज्यं बुडालेली मी नुसती रंगवली, पाहिली नाहीत. कपाट हलताना मात्र पाहिलं, आणि लिहिता लिहिता नजर अजून तिकडेच जाते आहे. सही वाकडी आली तर ती माझीच समजावी.

साक्षीदार :
१. समोरचे गोदामवाले
२. शेजारची शिंपीण

सही : नकाशेवाला

दिनांक : आजचा
स्थळ : मधली खोली, उजेडात